मागचं विमान

शपथा घ्यायची मला सवय नाही. पटलं तर घ्या, नाहीतर द्या सोडून. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि त्याला आजवर एक साधी थाप धड मारता आलेली नाही.

वेळ रात्रीची नव्हती. रविवार. दुपारचे साडेतीन. तिसरा मजला, खिडक्या सताड उघड्या, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

भुताखेताला शोभेल असं काही म्हणजे काही नव्हतं.

घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात. वय त्रेचाळीस. दुसऱ्याच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. डॉक्टर मापं पाठवतात, हा दात बसवून देतो. केसाएवढा फरकही त्याच्या बोटांना कळतो. त्याचा थोरला भाऊ, आमचा दादा, तीन महिन्यांपूर्वी गेला. बसल्या जागी.

दादा म्हणजे बारक्याचा पाठीराखा. शाळेत कुणी मारलं, धावून गेला दादा. लग्नाला घरचे अडून बसले, समजूत घातली दादाने. ‘माझ्या मागे दादा आहे’ हे तो इतक्यांदा म्हणायचा, की आम्ही चिडवायचो, "अरे बाबा, मग पुढे कोण आहे?"

त्या आठवड्यात वहिनीने माळा आवरला आणि एक खोका याच्याकडे पाठवला. आत दोघांचा लहानपणचा व्हिडिओ गेम होता. टीव्हीला जोडायचा, लढाऊ विमानांचा.

त्या खेळात दोघांची दोन विमानं. पुढचं बारक्याचं, मागचं दादाचं. हा नियम दादाचाच.

"बारक्या, तू पुढे बघ. मागचं माझ्याकडे."

एकूण सात मोहिमा. सहा दोघं मिळून पार करायचे. सातवीच्या शेवटी समुद्रातल्या जहाजावर उतरायचं. आणि तिथे, जहाज दिसायला लागलं की बारक्याचं विमान मागून मार बसून पडायचं.

दर वेळी.

मग दादा एकटा उतरायचा, आणि याच्या पाठीवर थोपटून म्हणायचा, "ऐन वेळी हात कापतात रे तुझे."

गंमत बघा, हे त्याने आयुष्यभर खरं मानलं. गाडी चालवायला शिकला नाही. स्वतःची लॅब काढायची संधी दारात आली, तर म्हणाला, "नको, ऐन वेळी माझे हात कापतात." असले हात असणारा माणूस, आणि हे बोलतो! कपाळावर हात मारून घ्यायची वेळ.

तर त्या दुपारी बायको आणि मुलगी बाहेर गेल्या होत्या. याच्या मनात एकच होतं. दादासाठी एकदा तरी त्या जहाजावर उतरायचं.

खोक्यात कंट्रोलर एकच निघाला. तो त्याने पहिल्या खाचेत लावला. दुसरी खाच रिकामी. पण अंगठ्याची जुनी सवय... त्याने ‘दोन खेळाडू’ निवडलं. चूक कळल्यावर स्वतःशीच हसला. दुसरं विमान धावपट्टीवरच राहणार. चालवायला आहे कोण?

त्याने उड्डाण केलं.

आणि मागे...

दुसरं विमानही उडालं.

त्याने वाकून बघितलं. दुसरी खाच रिकामीच होती. जुनं यंत्र, बिघडलं असेल, म्हणून तो परत टेकला. तेवढ्यात मागच्या विमानाने पंख हलवले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दादा असंच करायचा. म्हणजे, मी आहे.

मग आवाज आला...

टक. टक-टक.

बटणांचा. पण याच्या हातातल्या नाही. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडून.

तिथली गादी दबलेली होती.

"घाबरला असशील," मी त्याला नंतर विचारलं.

"नाही रे. रडू आलं. वाटलं, निरोप घ्यायला आला."

दोघं खेळले. हो, दोघं म्हणतो मी, तोही तसंच म्हणतो. सहा मोहिमा पार. बारक्या मोठ्याने बोलत होता, "दादा, डावीकडचा तू घे," आणि डावीकडचं विमान पडत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो पोटभर हसला.

सातवी मोहीम लागली.

इथे एक सांगायला हवं. लहानपणच्या टीव्हीवर खालच्या कोपऱ्यात दादाने काळी चिकटपट्टी लावलेली होती. "तिथली काच तापते, बघत बसलास तर डोळे जातील." बारक्याने कधी ती पट्टी उचलून बघितली नाही. दादाने सांगितलं ना, संपलं.

आता टीव्ही नवा होता. पट्टी नव्हती. कोपऱ्यात एक छोटा चौकोन दिसत होता, आपल्या मागे काय आहे ते दाखवणारा. शत्रू लाल. सोबती निळा.

जहाज दिसलं. बारक्याने हातांकडे बघितलं. कापत नव्हते.

चौकोनात एकही लाल ठिपका नव्हता.

फक्त निळा. तो सरकत सरकत... बरोबर याच्या शेपटीमागे आला.

"दादा?"

टक.

निळ्या ठिपक्यातून एक पांढरी रेघ निघाली.

बारक्याचं विमान पेटून समुद्रात पडलं. दादाचं जहाजावर अलगद उतरलं.

तो आणखी तीनदा खेळला. तीनदा तेच. शेवटी न राहवून त्याने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादा त्या गेमबद्दल कधी काही बोलला होता का?"

ती हसली. "हो की. दोघं उतरले तर गुण निम्मे व्हायचे म्हणे, म्हणून हे तुम्हाला आधीच पाडायचे. किती रंगवून सांगायचे! भाऊजी, लहानपणचं काय घेऊन बसलात?"

बारक्याने फोन ठेवला. लहानपणचं असतं तर सोडून दिलं असतं, असं तो मला म्हणाला. त्रेचाळीस वर्षांचा झालो, दादाला माझा भित्रेपणा दिसत होता, त्याने एकदा तरी खरं सांगायचं होतं. मेल्यावर भेटायला आला, तोही केसाने गळा कापायला.

पण बारक्याच तो. राग त्याला टिकवता येत नाही. त्याने कंट्रोलरची वायर पहिल्या खाचेतून काढली आणि दुसरीत लावली. आता पहिली रिकामी. पुढचं विमान दादाचं, मागचं याचं. पाठ राखायची म्हणजे काय, ते त्याला दाखवायचं होतं. दादाला जहाजापर्यंत नीट पोचवायचं, एवढंच.

"दादा, तू पुढे हो. मागचं माझ्याकडे."

धावपट्टी आली. पुढच्या विमानाचं इंजिन सुरू झालं.

पण ते हललं नाही.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. गादी दबलेलीच. बटणांचा आवाज मात्र... नाही.

बारक्या समजावत राहिला. चल ना दादा. मी आहे ना दादा. उन्हं उतरली, बायको-मुलगी घरी आल्या, मुलीने बाबा कुणाशी बोलताय म्हणून विचारलं, तरी ते विमान तिथेच उभं.

आजही तो रविवारी वायर दुसऱ्या खाचेत लावून बसतो. मी एकदा शेजारी बसून बघितलंय. पुढचं विमान इंजिन चालू ठेवून उभं असतं. सोफ्याच्या त्या टोकाला बसायची माझी हिंमत झाली नाही.

"मी नसतं रे मारलं त्याला," बारक्या मला म्हणाला. "एवढंही त्याला माझ्याबद्दल माहीत नव्हतं?"