शिंप्याची कोठडी

खरं सांगतोय. भुताची गोष्ट आहे म्हणून मुद्दाम रात्र जोडणार नाही... घडलं ते भर दुपारी.

माझा मामा एका जुन्या तुरुंगात पहारेकरी होता. साधे कैदी बराकीत, एकत्र. ज्यांना मोडायचं, ते एकेकटे कोठडीत. त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही. बोलताना सापडला, तर पहारेकऱ्याची नोकरी जायची.

एका कोठडीत शिंपी होता. धंद्यानं शिंपी, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे.

एका दुपारी मामाला आतून हसू ऐकू आलं.

मग कुजबुज...

दोन आवाज.

मामाचा संशय सरळ जोडीदार पहारेकऱ्यावर गेला. "तूच गप्पा मारतोस ना त्याच्याशी? माझ्या पोटावर पाय आणशील!"

"मी? अरे, मला वाटलं तू मारतोस!"

दोघांनी मिळून दार उघडलं.

शिंपी एकटाच होता. पण अंग चोरून बसलेला... शेजारी कुणाला जागा करून दिल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, एकटेपणानं डोकं फिरलंय, माणसांत ठेवा. शिंप्याला बराकीत हलवलं.

तिथे तो गप्प. नुसता दाराकडे बघत बसायचा.

"आता बरंय की," मामा म्हणाला. "माणसांत आलास."

"मी आलो हो, साहेब... तो मागे राहिला."

मामाला वाटलं, हा आपल्याला बनवतोय. कोठडीत नक्की काहीतरी लपवलंय. जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच झडतीला गेला. भिंती चाचपल्या. घोंगडी झटकली.

काही नाही.

बाहेर येऊन त्यानं कडी लावली...

आतून कुणीतरी रडायला लागलं. दबक्या आवाजात, मोठा माणूस रडतो तसं.

"जाऊ नका ना..."

मामा म्हणतो, भीती नाही वाटली. कीव आली. त्यानं कडी काढली, दार सताड उघडलं आणि म्हणाला, "चल बाबा."

एवढंच.

पुढे त्यानं ती नोकरी सोडली. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की हसायचा, "मला कुठे एकटं वाटतंय?"

म्हातारपणी आम्ही त्याला आमच्याकडे आणलं.

परवा दुपारी त्याला चहा द्यायला गेलो. दार लोटलेलं होतं. आत मामा खदखदून हसत होता.

मी थांबलो. कान दिला.

हसू एकदम बंद झालं...

"हळू बोल," मामा म्हणाला. "भाचा दाराशी उभा आहे? बरं."

मी अनवाणी होतो. पाऊल वाजलं नव्हतं.

मामाला कुणी सांगितलं?