चर्चमधली पडलेली माडी

पटो न पटो, नानासो गवंड्याच्या बाबतीत हे खरंच घडलं.

सांगली. १९७४ चा डिसेंबर. नाताळ तोंडावर आलेला.

दुष्काळात जत सोडून नानासो आणि त्याची बायको हरणाबाई इकडं कामाला आले होते. मिशनच्या जुन्या चर्चची डागडुजी निघाली, ती नानासोला मिळाली.

गोऱ्या पाद्र्यांनी बांधलेली इमारत. काळा दगड, टोकदार कमानींच्या खिडक्या, वर मंगळुरी कौलं. आत, मोठ्या दाराच्या वर, भिंतीत चौकोनी भोकांची एक रांग होती.

“त्या भोकांत तुळया बसवून लाकडी माडी होती,” चर्च सांभाळणाऱ्या राहीबाई म्हणाल्या. “बाया पोरं घेऊन वर बसायच्या. एका नाताळाला, भजन चालू असतानाच बायापोरांसकट खाली आली. परत बांधली न्हाई कुणी.”

ती भोकं बुजवायची होती.

दिवस कलला. नानासो बांबूच्या परांचीवर उभा. तोंड भिंतीकडं, पाठीमागं मोकळी हवा. खाली हरणाबाई चुना कालवत होती. ती पोटुशी होती.

शेवटचं भोक बुजलं...

आणि लाकूड करकरलं.

परांची असेल, त्याला वाटलं.

पुन्हा करकर... या वेळी पाठीमागून.

मग पावलं. हलकी, अनवाणी. त्याच्याच उंचीवर. जिथं पाय ठेवायला काहीच नव्हतं.

खाली चुना कालवायचा आवाज थांबला.

“आवं...” हरणाबाई अगदी साधेपणानं म्हणाली. “तुमच्या मागं त्या बाया कवा आल्या?”

मान वळवायची त्याची छाती होईना.

“हरणे, भायेर जा.”

“बोलवत्यात मला. सरकून जागा दिलीया.”

परांचीचा बांबू हलला.

ती वर चढत होती.

नानासो घसरतच खाली आला. गुडघे सोलवटले. तिला अर्ध्यावर धरलं आणि ओढत अंगणात आणलं. ती मात्र मागं वळून उंच कुठंतरी बघत राहिली.

सकाळी सगळी भोकं रिकामी होती.

खाली चुन्याचा कणसुद्धा नव्हता.

राहीबाईंनी बघितलं. दार ओढून घेतलं.

दोघं त्याच दिवशी जतला परतले. पुढं मुलगी झाली, धडधाकट. आता दीड वर्षाची आहे.

पण अजूनही दिवेलागणीला हरणाबाई घराच्या दारावरच्या कोऱ्या भिंतीकडं बघते आणि पदर पुढं ओढते. जणू समोर थोरामोठ्या बाया बसल्यात.

नानासो खाली मान घालून जेवत राहतो.

परवा मात्र त्याचा घास हातातच राहिला.

पोरीनं त्याच भिंतीकडं बघितलं... आणि दोन्ही हात वर केले. कडेवर घ्या, म्हणून करतात तसे.