उजवं कुणाचं?

अर्थ शब्दात असतो की ऐकणाऱ्याच्या डोक्यात, यावर मी पुण्यात शास्त्रीबुवांशी पुष्कळ भांडलो होतो. लोणावळ्याच्या शाळेत मास्तर झाल्यावर हा वाद कुणाच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं. पण १९१९ साली कुरवंड्याचा रखमाजी मला बहिरोबाच्या कौलाला पंच म्हणून घेऊन गेला.

त्याचा पुतण्या मारुती लढाईवर बसऱ्याला गेला, तो परतलाच नव्हता. जिवंत आहे की मेला, हे आता देव सांगणार होता. मेला ठरला तर त्याची बायको शालूबाई बांगड्या फोडणार आणि त्याचं शेत रखमाजी कसणार. इतकं उघड होतं सगळं. मला त्या माणसाची किळस आली.

देवाचीही आली. शेंदराची पुटं चढून दगडाला ना नाक उरलं होतं ना डोळे. त्यात माश्या चिकटून मेल्या होत्या. खवट तेलाचा वास घशात बसत होता. हौशीराम गुरवानं दगडाच्या दोन्ही अंगांना दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जिवंत, डावं पडलं तर मेला.

बऱ्याच वेळानं एक पडलं. आमच्या उजव्या हाताला.

"उजवा कौल! जितं हायती," शालूबाई म्हणाली.

"आपला उजवा त्यो देवाचा डावा," रखमाजी म्हणाला. "देव आपल्याकडं तोंड करून बसलाय न्हवं? का रं हौशीराम?"

"कुनाचा उजवा, ते बापानं सांगितलंच न्हाई," गुरव पुटपुटला.

"फूल पडलं, एवढंच खरं," मी चिडून म्हणालो. "बाकीचा अर्थ तुम्ही लावताय. आणि याला तोंड आहे कुठं?"

तोंड शोधायला हौशीरामानं नखानं शेंदूर उकरला. अख्खं कवच सुटून त्याच्या हातात आलं. नासलेल्या मांसासारखी घाण सुटली. मी उपरणं नाकाला लावलं.

आत पाठ होती. मान, खांदे, कणा.

देव आमच्याकडे पाठ करून बसला होता. म्हणजे त्याचा उजवा तोच आमचा! शालूबाईला रडू फुटलं.

हौशीरामानं कवच उलटं केलं.

पाठीवरून निघालेल्या त्या कवचाच्या आत चेहरा उमटला होता. जाड मिशा, मिटलेले डोळे. ओला.

"धनी हायती ह्ये," शालूबाई म्हणाली.

"डोळं मिटल्यात," रखमाजी म्हणाला. "आता तरी मेला म्हन."

तिनं दोन्ही हात दगडावर आपटले.

मला तिथं थांबवेना. निघताना कवचाकडे एकदा नजर गेली.

डोळे उघडे होते. फुटलेल्या बांगड्यांकडे बघत होते.