हलिनाबाईंच्या दारावरची थाप

"नीळकंठला तुम्ही ओळखता. नेदरलँड्समध्ये, नायमेखनला, कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत आहे. उगाच काही बोलणारा माणूस नाही. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही," श्रीधरकाका म्हणाले. अवनीनं आणि सौमित्रनं खुर्च्या जवळ ओढल्या.

दोन हजार चोवीस सालच्या दोन नोव्हेंबरची, शनिवारची रात्र. नीळकंठ वरणभाताचा डबा घेऊन शेजारच्या हलिनाबाईंकडे गेला. बाई पोलंडच्या, नव्वदीला टेकलेल्या. अंगात ताप होता. मुलगी सकाळी यायची होती, म्हणून नीळकंठच्या बायकोनं, संध्यानं, त्याला रात्री तिथंच बसायला सांगितलं होतं.

दोन घास खाऊन बाई डचमध्ये बोलू लागल्या.

"आमचं गाव एवढंसं. ते जागचं हललं नाही, राज्यं मात्र बदलत गेली. आजोबांच्या वेळी झार. मग पोलंड. मग रशियन, मग जर्मन. दर वेळी रस्त्यांची नावं बदलायची, शाळेतलं गाणं बदलायचं. रात्री दारावर थाप पडली, की ज्याचं राज्य त्याच्या भाषेत ओ द्यायची. पुन्हा रशियन आले, त्या रात्री बाबांना कळलंच नाही. त्यांनी जर्मनमध्ये ओ दिली..."

"मग?"

"उंबऱ्याबाहेर गेले ते गेलेच. मी आठ वर्षांची होते. तेव्हापासून रात्री मी दाराला ओ देत नाही."

साडेअकराला थाप पडली.

मुलगी लवकर आली असेल, म्हणून नीळकंठ उठला. बाईंनी त्याचं मनगट धरलं. एवढ्या तापातही हात गार.

बाहेरून कुणीतरी रशियनमध्ये काही विचारलं.

मग जर्मनमध्ये. तोच आवाज.

मग...

"आत कोण आहे?"

मराठीत. अगदी स्वच्छ.

नीळकंठच्या ओठांवर 'मी' आला होता. बाईंनी त्याच्या तोंडावर हात दाबला.

मग पोलिशमध्ये. हळू. त्यातलं 'हलिना' तेवढं त्याला कळलं.

बाईंचा हात गळून पडला. चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"ताता," त्या म्हणाल्या. बाबा.

दार उघडलं नाही. कुलूप आतून तसंच होतं. पण खुर्चीतल्या बाई संपल्या होत्या.

उजाडताना मुलगी आली, ती दाराबाहेरच थबकली. इमारतीचा तिसरा मजला. चार दिवसांत पावसाचा थेंब नाही. आणि दारापासून जिन्यापर्यंत चिखलानं भरलेली अनवाणी पावलं. सात-आठ वर्षांच्या पोरीची असावीत एवढीशी. सगळी बाहेर जाणारी.

शेजारी मोठ्या माणसाचं पाऊल एकही नव्हतं.