घोड्याच्या पोटातली माती

दुपारची भाकरी खाऊन कोंडिराम नेहमीसारखा कंबरेला दोर बांधून घोड्याच्या पोटात शिरला. साल एकोणनव्वद. वरसाव्याच्या कारखान्यात काशाचे चार प्रचंड घोडे ओतून तयार होते. दिल्लीला एका राष्ट्रीय स्मारकाच्या माथ्यावर चढायचे होते. ओतीव मूर्तीच्या आत जळकी माती उरते. ती खरवडायला बारीक अंगाचा माणूस आत जातो. बाहेर दुसरा माणूस त्याच दोराचं टोक धरून हातोडीनं ठोकत राहतो. आतल्यानं ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, की ओढून काढायचं.

बाहेर राई गावचा दगडू होता. वीस वर्षांपासूनचा जोडीदार.

"कोंडूभाऊ, आत झोपू नको. तुजा घोरना दिल्लीपर्यंत जायाचा!"

"तू ठोक गपचीप."

आत काळोख, जळक्या मेणाचा वास. ठक... ठक. कोंडिराम उत्तर देई, पुन्हा खरवडी. तीन वर्षांपूर्वी अशाच एका मूर्तीत बबन गुदमरून गेला होता. तेव्हाही बाहेर दगडूच होता. आपण हातोडी क्षणभरही ठेवली नाही, असं दगडू रडत सांगत होता. बबनच्या बायकोसमोर, सुचेतासमोर, कोंडिरामनंच दगडूची ग्वाही दिली होती.

एकाएकी माती घशात गेली. खोकला आवरेना. कोंडिरामनं दोराला हिसका दिला... आणि अख्खा दोर आत आला. दुसरं टोक सुटं.

ठक... ठक.

ठोकणं चालूच होतं. बाहेरून नव्हे. वरून, घोड्याच्या मानेतून.

तो कसाबसा रांगत बाहेर पडला. दगडूचं स्टूल रिकामं होतं. दगडू हायवेवरच्या टपरीकडून तोंड पुसत येत होता.

"झाला का? ठोकून ठोकून हात दुखला माजा."

कोंडिरामनं दोराचं सुटं टोक त्याच्यापुढे धरलं. "बबनच्या वेळी पण असाच दुखला होता?"

दगडूचं तोंड उतरलं. "दोन मिन्टं गेलो व्हतो रं... बिडीला..."

तेवढ्यात रिकाम्या घोड्यात कोणीतरी खोकलं.

"आत... कोन हाय?" दगडूनं विचारलं.

त्यानं हातोडी उचलली, ठोकलं. खोकला थांबला. हात थांबला की पुन्हा सुरू.

संध्याकाळी कोंडिरामनं बॅटरी मारून आत पाहिलं. कोणी नव्हतं. त्यानं स्वतः समोर उभं राहून पोटात शिरायच्या भोकाचं झाकण वेल्डिंग करून घेतलं, घोडा काट्यावर तोलून ट्रकवर चढवला. ट्रक खाडीचा पूल ओलांडताना दगडू घोड्याला टेकून बसला होता, ठोकत.

ट्रकबरोबर गेलेली बाकीची माणसं आठवड्यानं परतली. दगडू वाटेत कुठं उतरला, कोणी पाहिलं नव्हतं. ठोकणं तर दिल्लीपर्यंत ऐकू येत होतं. झाकणाची वेल्डिंग जशीच्या तशी होती. फक्त वर चढवण्याआधी घोडा तोलला, तो वरसाव्यातल्या वजनापेक्षा पंचावन्न किलो जास्त भरला.