कामेन्दोलचा चौथा बिल्ला

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्या घराण्यात घडली, त्याच घराण्यातून ती लिहिली जात आहे. ज्याला पटणार नाही, त्याने खुशाल सोडून द्यावी. वाचणार असेल, तर मात्र हसू नये.

वेल्को यांनी रोदोपीच्या डोंगरात खेचरांवरून लाकडी खांब वाहिले आणि कामेन्दोल गावात पहिली वीज नेली. त्यांचे चिरंजीव राडुल विजेच्या उपकेंद्रात लाइन चालू-बंद करीत. राडुल यांचे चिरंजीव स्टामेन तीस वर्षे त्याच तारांखालून पायी फिरले, बिघाड शोधत. स्टामेन यांची लेक नेवेना. घडले ते तिच्या वाट्याला.

साल २०१२. फेब्रुवारी महिना.

रात्र नव्हती. भरदुपार होती.

बाहेर धुके असे दाटलेले, की खिडकीतून अंगणातला तारांचा पहिला मनोराही दिसेना. उपकेंद्रात लाइन चालू-बंद करायला नेवेना एकटी होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी लाइन बंद पडली. बिघाड कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्राने आकडा दाखवला… २३.६ किलोमीटर. म्हणजे मनोरा क्रमांक ११७.

पाठोपाठ तिच्या लेकीचा, कालिनाचा, फोन आला.

"आई, दवाखान्यात जनरेटर लावलाय. डिझेल दोनपर्यंतच पुरेल म्हणतात. टँकर बर्फात अडकलाय. बाळाची पेटी…"

सातव्या महिन्यात जन्मलेला नातू. वय चार दिवस. काचेच्या पेटीत, यंत्राच्या श्वासावर.

"दोनच्या आत वीज देते," नेवेना म्हणाली. "माझा शब्द आहे."

दुरुस्तीला तिघे निघाले. मुकादम मिंचो, आणि त्याच्या हाताखालचे त्सांको नि ब्लागोय. जाण्यापूर्वी तिघांनी आपापला पितळी बिल्ला ब्रेकरशेजारच्या लाल फळीवर अडकवला. कामेन्दोलची रीत कडक होती. बिल्ला ज्याचा त्याने अडकवायचा, परत येऊन ज्याचा त्यानेच काढायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय लाइन द्यायची नाही, तारांत वीज सोडायची नाही.

रीत राडुल यांनी घातली होती. उशिरा घातली होती.

१९६३ च्या हिवाळ्यात "सगळे उतरले" अशी आरोळी ऐकून त्यांनी इल्को नावाच्या कामगाराचा बिल्ला स्वतःच्या हाताने काढला आणि लाइन दिली. इल्को ११७ वर होता. त्याला पुरले, तेव्हा त्याचा नऊ नंबरचा बिल्ला त्याच्या छातीवर ठेवला होता. त्याची बायको स्टोयना तेव्हा गरोदर होती.

पोटातला तो मुलगा म्हणजे मिंचो.

"या खेपेला नीट मोजून घ्या हं, बाईसाहेब," बर्फगाडीत चढताना मिंचो डोळा मिचकावत म्हणाला. "तुमच्या घराण्याचं गणित कच्चं आहे."

"गप रे. तोंड चालवतोस तेवढे हात चालव. पोर माझं पेटीत आहे."

त्याचे हसू मावळले. "आणतो ओढून तुझी वीज. काळजी करू नकोस."

एक वाजून पस्तीस मिनिटे. वायरलेस खरखरला.

"फांदी पडली होती. काढली. तिघंही खाली आहोत, अर्थिंगही काढलंय. दे लाइन!"

"बिल्ले, मिंचो?"

"अगं, यायला तास लागेल! तुझ्या नातवाकडे तास आहे का? काढ तूच. मी सांगतोय ना."

नेवेना उठली. फळीपाशी गेली. ब्लागोयचा बिल्ला काढला. त्सांकोचा काढला.

मिंचोचा काढायला हात पुढे केला…

त्याच्याखाली आणखी एक होता.

काळवंडलेला. जुन्या घडणीचा.

नऊ नंबर.

खोलीत जळक्या लोकरीचा वास आला.

आणि मागे यंत्र टिकटिकले. लाइन मेलेली होती. मेलेल्या लाइनवर ते यंत्र काहीही मोजू शकत नाही…

२३.६.

२३.६.

२३.६.

"मिंचो! मिंचो, कुठे आहेस? बोल!"

नुसती खरखर. मग तीही थांबली.

नेवेनाने दोन्ही बिल्ले होते तिथे परत अडकवले.

पावणेदोनला फोन वाजला. "आई, झालं ना गं?"

"थोडं थांब, बाळा."

"कशासाठी थांबू? तू म्हणाली होतीस!"

ती ब्रेकरसमोर उभी राहिली. नुसती त्याची मूठ फिरवायची, की लाइन चालू. पाच वेळा तिचा हात मुठीपर्यंत गेला. पाचही वेळा आजोबांचा हात दिसला.

दोन वाजले. पुन्हा फोन. "डिझेल संपलं. नर्स हाताने फुगा दाबतेय. आई, तुझ्या पाया पडते. लाइन दे!"

नेवेना भिंतीला टेकून खाली बसली. स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला. उठली मात्र नाही.

तिघे परतले, तेव्हा तीन वीस झाले होते. मिंचोचा चेहरा बर्फासारखा पांढरा होता. त्सांको नि ब्लागोयच्या पाठोपाठ त्याने फळीवरून आपला बिल्ला काढला.

त्याच्याखाली आता काहीच नव्हते.

"लाइन दे म्हणून सांगितलं, आणि वर परत गेलो," तो पुटपुटला. "वायरलेस बर्फात पडला. तारेला हात लावून बसलो होतो, नेवेना. तू मूठ फिरवली असतीस तर…"

"वर? कशाला मरायला गेलास वर?"

"वरून हाक आली. 'पोरा' म्हणाला. पुरुषाचा आवाज होता. मला आयुष्यात कुणी तशी हाक मारलेली नाही… दोन वीसपर्यंत हाका मारत होता. मग एकदम थांबला. आणि मी उतरलो."

नेवेनाने लाइन दिली. लाइन टिकली.

फोन वाजला, तेव्हा तिने तीन घंट्या होऊ दिल्या.

"गेला," कालिना म्हणाली. रडत नव्हती. "दोन वीसला."

त्यानंतर नेवेनाने ती नोकरी सोडली. मिंचो तिला भेटायला येतो, गप्पा मारतो. एक प्रश्न मात्र दोघेही तोंडावर आणीत नाहीत. वर बसलेला जो कोणी होता, तो नऊ नंबर अडकवून मिंचोला वाचवत होता… की नेवेनाला थांबवून ठेवण्यासाठीच त्याने मिंचोला वर बोलावले?

त्या यंत्राच्या कागदावर ११.१० नंतर एकही आकडा उमटलेला नाही. तपासणाऱ्यांनी तसे लिहून दिले आहे.

बाळाच्या दफनाच्या दिवशी नेवेनाच्या घरात रीतीप्रमाणे जेवण होते. दार उघडले आणि सगळे उठून उभे राहिले. मिंचोची आई आली होती. त्र्याऐंशी वर्षांची स्टोयना. राडुल यांच्या उंबऱ्यावर एकोणपन्नास वर्षांत तिने पाऊल ठेवले नव्हते.

ती चालत नेवेनाच्या शेजारी येऊन बसली. पावाचा तुकडा मोडला. सावकाश चावून खाल्ला. मग गेलेल्याच्या नावाने वाइनचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि नेवेनाचा हात आपल्या हातात घेतला.

"फिटलं, पोरी," ती म्हणाली. "काल मिंचोचा बाप स्वप्नात आला होता. म्हणाला, आता त्यांच्याकडे आपलं काही येणं राहिलेलं नाही."