चेंडू नसलेलं छप्पर

"थांब, थांब! मागचा फोटो दाखव!" भिंगरी एवढ्यांदा ओरडली, की मावशीच्या हातून मोबाइल पडता पडता वाचला.

मावशीचा चेहरा आधीच उतरला होता. गल्लीतली सगळी कौलारू छपरं तपासायला सकाळी एक ड्रोनवाला आला होता. ड्रोन भिर्रकन वर गेला, फोटो काढून खाली आला आणि दुपारच्या आत घरोघरी मोबाइलवर अहवाल हजर! मावशीच्या अहवालात म्हटलं होतं : कौलं फुटली आहेत, वासे खचले आहेत, माळा ताबडतोब रिकामा करा. त्याच माळ्यावर तर भिंगरी, तिचा भाऊ शंकासुर आणि मावशीचा मुलगा गोटी यांचा सुट्टीचा तळ होता! आता भिंगरी आणि शंकासुर यांना उद्याच घरी पाठवायचं असं मावशीने ठरवूनही टाकलं होतं.

भिंगरी मात्र त्या फोटोत भलतंच काही शोधत होती.

"काल मी मारलेला चेंडू पन्हळीत अडकला ना? इथे पन्हळ दिसतेय, तिच्यातला पालापाचोळा दिसतोय. चेंडू कुठंय?"

"घरंगळला असेल," गोटी म्हणाला.

"पन्हळीतून? उडी मारून?" शंकासुराने विचारलं. शंका काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली घाससुद्धा उतरत नसे, म्हणून तर त्याचं हे नाव पडलं होतं. "आणि ही फांदी कुणाची? आपल्या दारात झाड औषधालाही नाही!"

तिघंही फाटकापर्यंत धावली आणि मान वर करून बघू लागली. पन्हळीच्या काठावरून नारिंगी चेंडू खुशाल डोकावत होता!

"म्हणजे फोटोतलं छप्पर आपलं नाहीच!" भिंगरी म्हणाली.

"मग कुणाचं?" शंकासुर म्हणाला.

गल्लीतली घरं एकाच साच्यातली, पण छपरावर झुकलेलं झाड होतं फक्त एका घराजवळ, अगदी शेवटच्या. तिथे पाळणाघर होतं. पाळणाघराच्या बाई पायरीवर दुपटी घड्या करत बसल्या होत्या.

"बाई, तुमच्या छपराचा अहवाल काय म्हणतो?"

"अगदी ठणठणीत आहे म्हणे! म्हणून तर आजपासून पोरांना माळ्यावर निजवलंय. वर वारा छान येतो."

भिंगरीने घाईघाईने सगळं सांगितलं, पण बाई हसल्या. "अगं, एवढं यंत्राने तपासलंय! आता कुठे डोळा लागलाय त्यांचा. चेंडूसाठी उठवू होय त्यांना?"

तिघांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे धूम ठोकली. ड्रोनवाला सामान गाडीत भरत होता.

"दादा, अहवाल चुकलाय!"

"अशक्य! आकाशातून केसाएवढी भेग दिसते मला. जा, खेळा जा."

हा सरळ ऐकणाऱ्यातला नव्हता. भिंगरीने शंकासुराला हळूच चिमटा काढला आणि ती मोठ्याने म्हणाली, "चल रे! ज्यांना एवढा मोठा चेंडू दिसत नाही, त्यांना भेग काय दिसणार!"

"कुठला चेंडू?"

"आमच्या पन्हळीतला. पैज लावते, आत्ताही दिसणार नाही!"

"दिसणार नाही? माझ्या ड्रोनला?" त्याने तावातावाने ड्रोन बाहेर काढून उडवला. पडद्यावर कौलं सरकू लागली आणि मग आला नारिंगी चेंडू!

"हा बघा! जिंकलो की नाही?"

"जिंकलात! पण दादा, चेंडूच्या वरची कौलं बघा ना. एक तरी फुटलंय?"

त्याचं हसू मावळलं. "हे... हे गल्लीतलं पहिलं घर ना?"

"हो. सकाळी सुरुवात कुठून केली होती तुम्ही?" शंकासुराने विचारलं.

ड्रोनवाल्याने कपाळावर हात मारला. "सकाळी गाडी सावलीत लावायची म्हणून त्या टोकाच्या झाडापाशी गेलो आणि तिकडूनच उडवला! घरांचे नंबर मात्र इकडून लागतात! पहिल्याचा अहवाल शेवटच्याला..."

"आणि शेवटच्याचा आम्हाला!" गोटी ओरडला.

"मधल्या घराचा तेवढा बरोबर गेला," शंकासुर पुटपुटला.

"तुझं गणित राहू दे! वर मुलं झोपलीत!" भिंगरी किंचाळली आणि पळत सुटली.

आता सगळ्यांत पुढे ड्रोनवाला धावत होता! वाटेत मावशी आली, मावशीकडे छप्पर बघायला आलेले सुतारकाका आले. ड्रोनवाल्यानेच चूक कबूल केल्यावर बाईंच्या हातातली दुपटी गळून पडली. एकेक झोपलेलं पोर जिन्यावरून अलगद खाली आलं. एक कुरकुरलं, बाकीच्यांनी कूससुद्धा बदलली नाही.

मग सुतारकाका शिडीवर चढले. वाशाला त्यांनी पेचकस नुसता टेकवला, तर तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

"पानांनी पन्हळ तुंबली, पाणी आत मुरलं," ते खाली येऊन म्हणाले. "हा वासा कधी बसला असता, सांगता येत नाही."

ड्रोनवाला मान खाली घालून म्हणाला, "आधी सगळ्यांच्या घरी जाऊन अहवाल चुकल्याचं सांगतो. आणि आता प्रत्येक घरासमोर उभा राहूनच उडवणार." मग तो मुलांकडे वळला. "तुम्ही पिच्छा पुरवलात म्हणून बरं. मी तर निघालोच होतो."

मावशीने तिघांना एकदमच कवेत घेतलं. "कुठे जायचं नाही आता! सुट्टी संपेपर्यंत माळा तुमचा!"

भिंगरीच्या मांडीवर एक गोबरं बाळ अजून गाढ झोपलं होतं. बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी हसले गं तुला," त्या म्हणाल्या. "या पोरांना काही म्हणजे काही कळलं नाही. पण मोठी झाली ना, की सांगणार आहे मी त्यांना. म्हणेन, तुम्ही झोपला होतात, आम्ही मोठी माणसंसुद्धा झोपलो होतो. जागी होती ती ही तीन पोरं!"